शेठनी फोटोतून ओळखलेला आंबा

गेल्या हंगामात वाशीच्या एपीएमसी फळबाजारात एका व्यापाऱ्याच्या कॅटलॉगसाठी फोटो काढायचं काम होतं. पहाटे गाड्या खाली होत असताना तिथे ट्रायपॉड मांडायचा म्हणजे हमालांच्या शिव्या खायच्या. म्हणून फक्त आयफोन नेला आणि तो पेट्यांच्या थप्पीवर टेकवला.

वर निळी ताडपत्री, खाली पांढरे एलईडी. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने काढलेला हापूस पाहून शेठ, म्हणजे तो व्यापारी, खूश. मला मात्र तो प्लास्टिकचा वाटत होता. अंधारातला दाणेदारपणा घालवायच्या नादात फोनने सालीवरचे बारीक ठिपकेही पुसले होते. लाइटरूम या फोटो एडिटिंग अ‍ॅपमधला कॅमेरा उघडून डीएनजीवर, म्हणजे फोनने साफसफाई न केलेल्या कच्च्या (रॉ) फाइलवर टाकला, दाणे कमी यावेत म्हणून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) खाली आणला, पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला वापरतात तो करडा पुठ्ठा, ठेवलं. २०१६ साली आयओएस १० मध्ये बाहेरच्या अ‍ॅप्सना रॉ काढता यायला लागलं, तेव्हापासून माझी अशी बरीच कामं फोनवर निभावतात.

शेठनी रॉ पाहिलं आणि नाक मुरडलं. "हा तर कालचा माल वाटतोय हो. पहिलाच बरा होता."

"थांबा, शेठ."

अ‍ॅपमधला आयड्रॉपर फोटोतल्या ग्रे कार्डवर ठेवून व्हाइट बॅलन्स घेतला, तसा ताडपत्रीचा निळेपणा गेला. सावल्या जरा उजळल्या. ठिपके दिसू लागले, सालीला चिकटलेली गवताची काडी दिसली, देठाशी हिरवट कड उमटली. शेठनी चष्मा लावला, बोटांनी फोटो मोठा केला. "हा पिकायला अजून चार दिवस घेईल," म्हणाले. नेहमीच्या फोटोत ती कड केशरीत पार बुडाली होती.

दहाच्या सुमारास फोन भरला. रॉ म्हटलं की हे आलंच. बारा मेगापिक्सेलची एक फाइलसुद्धा दहा एमबीच्या पुढे जाते. मदतीला आलेला पोरगा म्हणाला, "दादा, हे अ‍ॅप लई जागा खातंय, उडवू का?"

मी फोन हिसकावलाच. लाइटरूमच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो गॅलरीत नसतात, अ‍ॅपच्या पोटात असतात. गाळ्यात रेंज नव्हती, त्यामुळे क्लाउडवर एकही चढला नव्हता. अ‍ॅप गेलं असतं तर सकाळ गेली असती. मूळ फाइली एक्सपोर्ट करून केबलने एसएसडी ड्राइव्हवर घेतल्या, मोजल्या, चार-पाच उघडून पाहिल्या आणि मगच फोनमधल्या काढल्या.

निघताना शेठ म्हणाले, "सगळे व्हॉट्सअ‍ॅपला टाका." निवडक जेपेग डॉक्युमेंट म्हणून पाठवले, फोटो म्हणून गेले असते तर व्हॉट्सअ‍ॅपने ते दाबून लहान केले असते आणि ठिपके पुन्हा गायब. डीएनजी हव्या असतील तर दर वेगळा, हेही तिथेच सांगून टाकलं.