गाठीच्या पोटातली घुसमट

काल फुप्फुसाच्या कॅन्सरच्या गाठीची स्लाइड बराच वेळ पाहत बसले. कडेला रक्तवाहिन्या, त्यांना बिलगून गडद जांभळ्या पेशी आणि मधोमध फिकट गुलाबी, मेलेला भाग. १९५५ साली टॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांनी हेच मोजलं होतं: रक्तवाहिनीपासून साधारण ०.१५ मिलिमीटरपलीकडे ऑक्सिजन पोचतच नाही.

मेलेल्या पेशींची मला भीती नाही. भीती वाटते ती सीमेवर घुसमटत तग धरून राहिलेल्यांची. ऑक्सिजन पुरेसा मिळणाऱ्या पेशींपेक्षा त्यांना मारायला किरणांचा जवळपास तिप्पट डोस लागतो. बरं, शस्त्रक्रिया केली तरी गर्भाशयमुखाच्या अशा, ऑक्सिजन कमी असलेल्या गाठी पुन्हा उलटण्याची शक्यता जास्त. म्हणून रेडिएशनला आलेल्या बाईच्या रिपोर्टवर, रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन ८ इतकं कमी दिसलं, की माझा जीव खालीवर होतो.