तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे घरी, मग काम चालतं कसं?

माझी टीम पुणे, लातूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि नागपूर अशी विखुरलेली आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळायचं हे आमचं काम. त्यामुळे लग्नात, गेट-टुगेदरला, अगदी सोसायटीच्या लिफ्टमध्येही कुणी ना कुणी गाठतंच: "सगळे आपापल्या घरी, मग ते काम करतात हे तुला कळतं कसं? आणि टीम म्हणून त्यांना धरून कशी ठेवतेस?" विचारणारे बहुतेक स्वतः पाच-दहा माणसं सांभाळणारे असतात, म्हणून एकदा नीट सांगते.

तासातासाला कोण काय करतंय ते मला कळत नाही, आणि कळून घ्यायची हौसही नाही. चॅटवर नावापुढे हिरवा ठिपका आहे की पिवळा, म्हणजे माणूस जागेवर आहे की नाही, यावर लक्ष ठेवणारे टीम लीड मी पाहिलेत. ठिपका मोजला की लोक ठिपका सांभाळायला लागतात. माउस आपोआप हलवत ठेवणारं यंत्र ऑनलाइन सहज मिळतं. २०२४ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचं सोंग करणाऱ्या डझनाहून जास्त लोकांना काढलं. यात बँकेचं कोणतं काम पुढे सरकलं असेल, देव जाणे.

मला कळायला हवं ते एवढंच, की कोण अडकलंय आणि किती वेळापासून. ऑफिसात हे न विचारता कळायचं. मागच्या खुर्चीवरचा पोरगा बराच वेळ एकाच स्क्रीनकडे बघत बसलाय, मध्येच उगाच चहाला उठतोय, हे दिसायचं. जाता जाता "काय रे, काय झालं?" म्हटलं की दहा मिनिटांत गाडी रुळावर. घरी बसलेल्याचा चेहरा कुणाला दिसत नाही, आणि आपल्याकडची पोरं "मला हे जमत नाहीये" म्हणायला आधीच बिचकतात. "मॅम काय म्हणतील" या विचारात अख्खी दुपार जाते. घरून काम करताना वेळ आळसात जातो असं लोकांना वाटतं. मी तो या बिचकण्यात जाताना पाहिलाय.

नमुना दाखवते. सकाळी सव्वाअकराला मेसेज येतो, "हाय मॅम". मी कॉलवर असते. पावणेएकला मी लिहिते, "बोल". तोवर तो जेवायला गेलेला. दोन वाजता, "एक डाउट होता." "अरे, विचार ना." साडेतीनला खरा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर दोन ओळींचं निघतं.

म्हणून आमच्याकडे रीत अशी पडली: अर्धा तास स्वतः झुंजायचं, मग विचारायचं. विचारायचं ते एकाच मेसेजमध्ये, सगळ्यांच्या चॅट-चॅनेलवर. मला खासगीत नाही. लातूरच्या मुलाचा असा एक मेसेज (त्यातला 'जॉब' म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम): "दुसऱ्या विमा कंपनीकडे तेच क्लेम दोनदा जातंय. पहिल्या कंपनीचा नकार आला की आपला जॉब परत चालतो. रीट्राय बंद करून पाहिला, तरी तेच. हा जॉब कोण सुरू करतं ते सापडत नाहीये." कोल्हापूरहून उत्तर आलं तेव्हा मी दुसऱ्याच कॉलवर होते. पुढे रत्नागिरीची आमची टेस्टर त्याच जागी अडली, तर तिला शोधल्यावर तोच धागा सापडला. तिनं कुणाला विचारलंही नाही. मी स्वतः अधूनमधून एखादा बावळट प्रश्न चॅनेलवर टाकते, कधीकधी उत्तर माहीत असूनही. सिनिअर माणूस चारचौघांत विचारतोय हे दिसलं की बाकीच्यांची जीभ सुटते.

सकाळचा स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी मीटिंग, पंधरा मिनिटांचा. काल काय केलं ते तिकिटावर, म्हणजे त्या कामाच्या ऑनलाइन नोंदीत, लिहिलेलं असतं, ते वाचून दाखवायचं नाही. कुठे अडलंय, एवढंच. कॅमेऱ्याची सक्ती नाही; दोन खोल्यांच्या घरात मागे कुकर लागलेला असतो, कुणाचे सासरे पेपर वाचत बसलेले असतात. पुण्यात गुरुवार हा महावितरणचा दुरुस्तीचा वार, म्हणून गुरुवारी आम्ही सॉफ्टवेअरचं रिलीज ठेवत नाही.

संध्याकाळचं गणित जास्त अवघड. न्यूयॉर्कचे सकाळचे ८ म्हणजे आपले संध्याकाळचे ५:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की तेच ६:३० होतात, ते थेट मार्चपर्यंत. म्हणजे कॉल बरोबर स्वयंपाकाच्या आणि पोरांच्या अभ्यासाच्या वेळेला. त्यात "घरीच आहेस ना, जरा दुधाकडे बघ" हे आमच्या टीममधल्या बायकांना जितक्यांदा ऐकावं लागतं तितकं पुरुषांना लागत नाही. त्यावर माझ्याकडे जादू नाही. संध्याकाळचे कॉल पाळीनं वाटलेत, आणि ज्याची पाळी नाही त्यानं दिवसाचं टिपण लिहून लॅपटॉप मिटायचा. टिपण चांगलं असेल तर क्लायंटला कॉलच लागत नाही, हाही अनुभव.

आता धरून ठेवण्याबद्दल. ऑनलाइन तंबोला, रांगोळी स्पर्धा, सगळं एचआरनं करून पाहिलं. मजा येते, पण त्यानं कुणी कुणाला अडचण सांगायला लागत नाही. दर तिमाहीला दोन दिवस सगळे पुण्यात जमतो आणि ट्रेनिंग न ठेवता एकच किचकट काम शेजारी बसून सोडवतो. सकाळी मिसळ, मग व्हाइटबोर्ड. एकदा असं शेजारी बसलं की पुढे महिनोन्‌महिने फोन उचलायला संकोच वाटत नाही. ही ओळख आपल्याच टीमपुरती राहते, हे मात्र खरं. मायक्रोसॉफ्टनं आपल्या ६१ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यातही घरून काम सुरू झाल्यावर वेगवेगळ्या गटांमधले दुवे कमी झाल्याचं दिसलं. डेटाबेसवाल्यांशी आमचं अजून तसंच आहे. तिकीट टाका आणि वाट बघा.

साहेब लोकांना मी दुसरा एक अभ्यास सांगते. चीनमधल्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीत २०१० च्या अखेरीस कॉल सेंटरच्या काही लोकांना नऊ महिने घरून काम दिलं. त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. हा आकडा सगळ्यांना आवडतो. पण तेवढ्याच कामाच्या मानानं घरून काम करणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या, आणि एकटेपणाला कंटाळून बरेच जण पुढे ऑफिसात परतले, हे कुणी सांगत नाही. म्हणून ज्यानं काम केलं त्यानंच क्लायंटसमोर बोलायचं, इंग्रजी अडखळलं तरी चालेल, असं मी धरलंय. लातूरच्या मुलाचं काम पुण्यातल्या कुणी दाखवलं, तर अप्रेझलला पुण्यातल्याचंच नाव आठवतं.

आणि फ्रेशरना पहिले तीन महिने घरून काम नाही. त्यांनी पुण्यात यायचं, अनुभवी माणसाच्या शेजारी बसायचं. पीजीचं भाडं कंपनी देते. हे ऐकून काही मुलं ऑफर नाकारतात. नाकारू देत.