नववा प्रश्न

समुपदेशनाच्या खोलीत लोक बोलायला चाचरतात, तेव्हा हल्ली मोबाईल पुढे करतात. त्या दिवशी समोर बसलेल्या विशीतल्या मुलीनेही तेच केलं. "मॅडम, यात सगळं आहे. तुम्हीच वाचा."

मनःस्थितीची रोजची नोंद ठेवायचं ॲप होतं ते. फिकट निळा पडदा आणि त्यावर एक प्रश्नावली. प्रश्न पाहताक्षणी ओळखले. पीएचक्यू-९, नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली! गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. २००१ पासून आम्ही सगळेच ती वापरतो आणि ती मोफत आहे, त्यामुळे ॲपने ती घेतली यात गैर काही नव्हतं. पण नववा प्रश्न मरण बरं वाटण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्यापुढे तिने 'निम्म्याहून अधिक दिवस' निवडलं होतं. आणि त्यानंतरचा पडदा? 'तुमचे गुण १७. सविस्तर अहवालासाठी प्रीमियम घ्या.'

ना हेल्पलाइनचा नंबर, ना 'कुणाशी तरी लगेच बोला' असं एखादं वाक्य.

मी मोबाईल बाजूला ठेवला आणि तोच प्रश्न तिला तोंडी विचारला. ती रडली, मग बोलली. पुढचा दीड तास तिचा आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही. तिच्या संमतीने बहिणीला बोलावून घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञांची दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवली, एवढंच सांगते.

बहीण येईपर्यंत आम्ही दोघींनी त्या ॲपची माहिती उघडली. बनवणारे कोण, त्यांच्यात कुणी तज्ज्ञ आहे का, याचा पत्ता नाही. गोपनीयता धोरणात मात्र 'जाहिरात भागीदार' हा शब्द चार वेळा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच कारणासाठी बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर कारवाई केली होती. ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटला दिल्याचा आरोप होता आणि ७८ लाख डॉलरवर तडजोड झाली. हे ठाऊक असूनही मी स्वतः कैक जणांना नुसते तारे बघून ॲप सुचवली आहेत. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कुठलंही ॲप सुचवण्याआधी मी स्वतः त्यातली प्रश्नावली भरते, नवव्या प्रश्नाला सर्वांत गंभीर उत्तर देते आणि पुढे काय येतं ते पाहते. चांगली ॲप आहेतच. अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी विभागाचं पीटीएसडी कोच २०११ पासून मोफत आहे, त्याला खातंही उघडावं लागत नाही. पण ते आघातानंतरच्या त्रासासाठी आहे, हिच्यासाठी नव्हतं.

"मग हे काढूनच टाकते," म्हणत तिने बोट टेकवलं. मी थांबवलं. नुसतं ॲप काढलं तर माहिती त्यांच्याकडेच राहते. आधी खातं बंद करायला हवं. आणि त्याच्याही आधी एक काम होतं. तिच्या महिनाभराच्या झोपेच्या नोंदी डॉक्टरांना उपयोगी पडणार होत्या. ती तारीखवार वाचत गेली, मी कागदावर उतरवत गेले.