तिसरा गोविंद गेला, सुतक नाही

मंडळी, आमच्या वंशावळीतला गोविंद-३ आता नाही. मागच्या वेळी ज्याला मी धाकट्या पातीत (घराण्याच्या धाकट्या शाखेत) मोठ्या दिमाखात बसवला होता, ज्याच्या नावावर अकरा कागद चढवले होते, तो जन्मलाच नव्हता. चार महिने मी एका भुताची सेवा करत होतो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. आमच्या कुलकर्णी वतनाच्या कागदांत 'गोविंद रामचंद्र' ही सही पेशवाई बुडाल्यापासून पुढे साठ-सत्तर वर्षं दिसते. आजोबा गोविंद, मुलगा रामचंद्र, नातू परत गोविंद. आजोबांच्या वडिलांचं नावही रामचंद्रच, म्हणजे बापाचं नाव लावूनही आजा-नातू एकच. इथवर घरोघरी मातीच्या चुली. पण पाळीच्या, म्हणजे वतनाचं काम कुणी कधी करायचं याच्या भांडणातली ती कैफियत (लेखी म्हणणं), 'सन १२५१', दोघांपैकी कुणालाच लागू होईना. मी शुहूर सन (मराठेशाहीतल्या कागदांवरचा, अरबी शब्दांत लिहायचा सन) धरला, माघातला कागद म्हणून सहाशे मिळवले, इसवी १८५१ आलं. आता त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वहीत (यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं ते लिहून ठेवतात) शके १७६६ ला, म्हणजे १८४४ मध्ये, मुलगा रामचंद्र स्वतःच्या हातानं वडिलांना 'कै.' लिहून गेलाय. त्या नोंदीत नातू नाहीच. तो उगवतो शके १७७५ च्या नोंदीत, 'चि. गोविंद' म्हणून. म्हणजे १८५१ ला आजोबांना जाऊन किमान सात वर्षं झालेली, नातू फार तर सहा-सात वर्षांचा. मग १८५१ ला सही कोण करतंय? धाकट्या पातीत एक रामचंद्र होताच. मी त्याला मुलगा देऊन टाकला, तोच गोविंद-३.

खरं तर कागद पहिल्याच ओळीत ओरडून सांगत होता. शकाचे आकडे कसरीनं खाल्लेत, संवत्सराचं 'प्लव' शिल्लक आहे, पुढे भोक. ज्यांच्याकडून लिप्यंतर करून घेतलं त्यांनी बिनधास्त 'प्लवंग' केलं. प्लवंग म्हणजे शके १७६९, १८४७-४८. हे तर कशाशीच जुळत नव्हतं. मी काय केलं असेल? पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनावर खापर फोडलं आणि पुढे गेलो.

गेल्या रविवारी घडी सरळ करून, बाजूनं टॉर्चचा तिरपा उजेड टाकून तोच कागद पुन्हा बघितला. सनाच्या अलीकडे, ऐन घडीत, फिकट शाईत 'फसली', म्हणजे महसुली सन. फसली आणि शुहूर यांच्यात नऊ वर्षांचं अंतर. १२५१ मध्ये ५९१ मिळवा: १८४२. शके १७६३. पंचांगाचं कोष्टक उघडलं तर शके १७६३ चा संवत्सर प्लव! भोकात काही गेलेलंच नव्हतं, तिथे कोरा कागद होता. आजोबा जिवंत, सही त्यांचीच. रात्री साडेअकराला मी एकटाच हसत होतो. बायकोनं दार लोटून घेतलं.

खरं तर मला आधीच शंका यायला हवी होती. शुहूर असता तर बहुतेक 'इहिदे खमसैन मयातैन व अलफ' असं अरबी शब्दांत आलं असतं. नुसता आकडा दिसला तेव्हाच कान टवकारायचे. आणि ती मोबाइलवरची स्कॅन ॲपं कागद आपोआप पांढराशुभ्र करतात ना, ती जुन्या कागदाची वैरी आहेत. फिकट शाई सगळ्यात आधी तीच पुसतात. माझा 'फसली' तिथेच गेला होता. साधा फोटो काढा, रंगीत. लिप्यंतराबद्दलही बोलून घेतो: २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना उसंत नाही, पानामागे दर वाढले, त्याची तक्रार नाही. पण भोक दिसलं तर भोक लिहा हो. अंदाज आमचे आम्ही करू.

आता त्या अकरा कागदांचं पुनर्वसन. १८७४ च्या वतन कायद्यानंतरचे सहा सरळ नातवाकडे गेले. कैफियत आणि तिच्या मागचा एक, दोन्ही फसली, आजोबांकडे. उरले बिनतारखेचे तीन. इथे तक्षीम, म्हणजे वतनातला वाटा, कामी आली, आणि हा माझा या वर्षातला सगळ्यात आवडता क्षण. आजोबा दोन भावांपैकी थोरले, वाटा आठ आणे. नातवाला एक सख्खा भाऊ, म्हणजे त्याच आठ आण्यांचे दोन, वाटा चार आणे. एका कागदात 'निमे तक्षीम' आहे, दुसऱ्यात 'चार आणे'. नाव एकच असू दे, आणे खोटं बोलत नाहीत. ग्राम्प्समध्ये (वंशावळीचं सॉफ्टवेअर) गोविंद-३ पुसला. हात किंचित अडखळला, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या कागदात वाट्याचा उल्लेखच नाही. पाठीवर फक्त 'तात्याकडून आला'. हा तात्या मी धाकट्या पातीतला कुणी काका समजत होतो, आणि त्याच्यासाठी पुढच्या महिन्यात परत त्र्यंबकला जाणार होतो.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. शके १७७५ च्या नोंदीत आजी हयात आहे, 'मातुश्री लक्ष्मीबाई'. नातवाला ती गोविंद कशी म्हणेल? नवऱ्याचं नाव! मग घरात त्याला काहीतरी दुसरंच म्हणत असणार. तात्या?

त्र्यंबक रद्द. चुलतभावाकडे माळ्यावर रोजकीर्दीचं एक गाठोडं आहे, मी ते कधी सोडलंच नाही, नुसते जमाखर्च म्हणून. 'तात्याचे मुंजीस' असा खर्च १८५५ ते १८६० च्या आसपास कुठे पडलेला सापडला तर तात्या म्हणजे नातूच, आणि तिसरा कागदही मार्गी लागेल. आत्ताच फोन केला. वहिनी म्हणाल्या, येत्या शनिवारी माळा साफ करायला माणूस बोलावलाय.

शुक्रवारची रजा टाकली आहे.