तिवराच्या पानावरचं मीठ

आज ऐरोलीला खाडीकाठी अकरावीतल्या भाचीला तिवराचं, म्हणजे एका खारफुटीच्या झाडाचं, पान दाखवलं. वर मिठाचे बारीक कण चमकत होते. बरंचसं मीठ मुळंच अडवतात. जे आत शिरतं ते पानांतल्या ग्रंथी बाहेर टाकतात. त्यासाठी पेशी एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्च करते. आपल्या चेतापेशीही सोडियम बाहेर ढकलायला तेच एटीपी वापरतात! झाडात आणि आपल्यात ऊर्जेचं चलन एकच, हे मला आजही विलक्षण वाटतं. पाठांतराआधी मुलांना हे दाखवायलाच हवं.

ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, घराजवळची प्रयोगशाळाच ती. परतताना भाचीने विचारलं, फ्लेमिंगो गुलाबी का? ते खातात त्या शैवालातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे. आता तिला कॅरोटिनॉइडची रचना बघायची आहे.