धबधब्याचं सिंक आणि ०.३ बार

वाघोलीतल्या एका चार मजली इमारतीतून फोन आला, "दादा, नवीन सिंक बसवलंय, पण पाण्याला जोरच नाही." घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओटा नुकताच नवा केलेला. त्यात हल्ली सगळ्यांना हवं असतं ते काळं धबधब्याचं सिंक: पियानोच्या पट्ट्यांसारखी बटणं, ओढून घ्यायचा नळ, कोपऱ्यात पेले धुवायचं कारंजं आणि पाण्याचं तापमान दाखवणारा आकडा.

धबधब्याचं बटण दाबलं. पाणी पुढे पडायच्या ऐवजी पत्र्याला चिकटून मागच्या बाजूने ओघळलं. कारंज्यावर पेला उपडा दाबला, तर धार पेल्याच्या तळापर्यंत पोचेना. आकडा पेटायचा नि विझायचा. त्याला सेल नव्हता. आत एक बारीक चक्र वाहत्या पाण्यावर फिरतं, त्यावर तो चालतो.

ताईंना वाटत होतं पीस खराब आलाय, दुकानदाराशी भांडणही झालेलं. मी सिंकखालच्या अँगल कॉकच्या, म्हणजे पाणी बंद करायच्या छोट्या कॉकच्या तोंडाला प्रेशर मोजायचा गेज लावला. ०.३ बार. टाकी गच्चीवर, म्हणजे डोक्यावरच. १० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर मिळतं. इथे टाकीतलं पाणी नळापासून जेमतेम ३ मीटर वर. खोक्यातल्या कागदावर किमान १ बार लिहिलेलं होतं. हेच सिंक तळमजल्यावर बरं चाललं असतं.

तेवढ्यात भांडी घासणाऱ्या मावशी आल्या. परात, कुकर, कढई, सगळा ढीग पडलेला. मला म्हणाल्या, "आधीचा नळ कुठं टाकला हो? परात फिरवायला गेलं की ते कारंजं आडवं येतं. आणि पाणी हे एवढंसं. माझी पुढची घरं खोळंबतात." त्या सिंकपाशी दिवसातला सगळ्यात जास्त वेळ मावशी उभ्या असतात, आणि खरेदीच्या वेळी त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मला ते फार लागलं.

ओढून घ्यायच्या नळाला माझा विरोध नाही. प्रेशर असेल तर मोठं पातेलं ओट्यावरच भरता येतं, सिंकचे कोपरे निघतात. फक्त त्याचा पाइप आणि त्याला परत खेचणारं वजन सिंकखाली मोकळं लोंबायला हवं; इथे ते कचऱ्याच्या डब्याला अडत होतं. पण एकाच बॉडीत सगळी बटणं असलेलं पॅनेल मला पटत नाही. एक बटण गेलं की अख्खं पॅनेल, आणि स्पेअर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. त्यात बोअर आणि टँकरचं पाणी. नळाची जाळी खोलली, तर इतक्यातच पांढरा थर धरलेला. काळ्या रंगावर तर थेंब वाळला की डाग.

भिंतीतला जुना पॉइंट टाइलवाल्याने प्लग मारून ठेवला होता, बुजवला नव्हता, हे नशीब. तिथे उंच मानेचा, फिरणाऱ्या तोंडाचा साधा सिंक कॉक बसवला. कारंजं काढून त्या भोकाला टोपण लावलं. मावशींनी लगेच परात धुवायला घेतली.

धबधबा हवाच असेल तर ताईंच्या घराच्या लाइनवर प्रेशर पंप लागेल. त्याचा आवाज, लाइट बिल, सगळं ताईंना सांगितलं. गच्चीवर बसवायचा म्हणून सोसायटीकडे अर्ज दिलाय. मंजूर झाला, तर टँकरची रेती अडवायला आधी फिल्टर टाकू, मग पंप.