पानं लाल झाली तेव्हा

"मावशी, माणसं अशी उडतात का कधी?" भाचा हसला आणि परत मोबाईलमध्ये शिरला.

टीव्हीवर चिनी दिग्दर्शक झांग यिमोऊचा २००२ सालचा 'हीरो' हा सिनेमा लागला होता. पिवळ्याधमक पानांच्या रानात लाल झग्यातल्या दोघी हवेत उडत तलवारींनी लढत होत्या. वाऱ्यावर पानं भिरभिरतायत, झगे फडफडतायत. एक कोसळते आणि बघता बघता अख्खं रान लालभडक होतं. मला दर वेळी इथे गलबलून येतं.

एकच हकिकत हा सिनेमा पुन्हा पुन्हा सांगतो, दर वेळी नव्या रंगात. ही लाल हकिकत तर सिनेमातल्या नायकानंच रचलेली, खोटी. तरी काळजाला भिडते!

तारांनी उचललेली माणसं मलाही कळतात रे. पण पानं लाल होताना तू एकदा मान वर केली असतीस तर?